गिरमिटाचं मौनव्रत

फार पूर्वी एका माळावर एक मोठं गिरमिट खडकाच्या पोटातलं तेल काढायचं. थोड्याशा तेलासाठी त्याला खूप इंधन जाळावं लागे. बाजारात तेल स्वस्त झालं, खर्च निघेना, तशी माणसं निघून गेली. गिरमिट मात्र एकटंच फिरत राहिलं.

“अहो गिरमिटराव, इंधनाची टाकी रिकामी करताय,” खडक म्हणाला. “भाव आल्यावर सुरू कशाने व्हाल?”

“थांबलो तर गंजेन हो. मग मला कोण विचारणार?”

“माझं तेल कुठे जात नाही, मीही नाही. मौनव्रत धरा. मग थांबणं म्हणजे रिकामं बसणं वाटत नाही.”

गिरमिट थांबलं. माळ किती मोठा आहे, ते त्याला तेव्हा कळलं. संध्याकाळी एक चिमणी त्याच्या खांद्यावर येऊन बसली. तिच्या चोचीत काडी होती.