खारोबाची पत

फार पूर्वी एका रानात शहाण्या म्हाताऱ्यांचं उदंड पीक होतं. त्यातलाच एक खारोबा. त्याच्याकडे दोन पानं होती. वडाचं पान दुकानात दाखवलं, की मालाच्या किमतीएवढ्या शेंगा त्याच्याच ढोलीतून लगेच जायच्या. पळसाचं पान कोल्ह्याने दिलेलं: आत्ता खा, पौर्णिमेला फेड.

खारोबा रोजचे दाणेसुद्धा पळसावर आणायचा.

"आजोबा, ढोली भरलीय ना? मग वडाचं पान वापरा," नात म्हणाली.

"गप गं! शाळा सोडून बसलीस आणि मला व्यवहार शिकवतेस? एक पौर्णिमा चुकवली नाही मी."

खरंच चुकवली नव्हती. "एक शेंग टाका, बाकी राहू द्या," असं कोल्हा म्हणायचा आणि हा एकच टाकायचा. बाकीला पिल्लं होतात, हे त्या अनुभवी डोक्यात कधी शिरलंच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या फुगलेल्या बाकीपोटी कोल्ह्याने अख्खी ढोली झाडून नेली. जाताना पळसाचं आणखी मोठं पान ठेवून गेला.

घरातली पिल्लं भुकेने रडत होती. खारोबा शेपटी फुलवून म्हणाला, "बघितलंस? माझी पत वाढली!"

नात म्हणाली, "मग आज पिल्लांना तीच वाढा."