बहिऱ्या हौसाची धार

फार वर्षांपूर्वी, या डोंगरातल्या वाटांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. करंजपाणी नावाची गवळी धनगरांची वाडी होती. आठ घरं, घरांपेक्षा म्हशी जास्त आणि म्हशींपेक्षा रान जास्त. तिथली माणसं कानानं चालायची. हसू नका, खरंच. दिवस कलला की रानातून गळ्यातल्या घंटा वाजत यायच्या, आणि चुलीपुढं बसलेली बाई मान न वळवता सांगायची, ही आपली चांदी, ही जावेची भुरी, आणि मागं रेंगाळतेय ती शेजारच्यांची आळशी. चुकलेलं जनावर कानानं हुडकायचं, वाघाची चाहूल कानानं घ्यायची. ज्याचे कान तिखट, त्याचा वाडीत मान.

अशा वाडीत हौसा ढेबे जन्माला आली. चार वर्षांची असताना तिला ताप भरला. ताप गेला, पण जाताना तिचे कान घेऊन गेला. पोरगी वाचली याचा आईला आनंद, पण बाकीचे म्हणाले, "हिच्या हाती म्हशी कशा द्यायच्या? घंटाच ऐकू येणार न्हाई."

आई गेली तेव्हा हौसाकडं एकच म्हैस उरली, मोरी. हौसा मोरीला रानात न्यायची आणि तिच्या मागं नाही, तिच्या अंगाला हात लावून चालायची. मोरी थबकली, शहारली, कान टवकारले, सगळं हौसाला तळहातातून कळायचं. असं म्हणतात की मोरी रवंथ करायची तर हौसाचा हात तालावर हलायचा.

मग ते वर्ष आलं. पाऊस मध्येच पळाला. माघात झरे आटले, फाल्गुनात डोह आटला, आणि चैत्र लागला तेव्हा रान इतकं गप्प झालं की पान पडलं तरी माणसं दचकायची. आणि त्या गप्प रानात एक दिवस सगळ्यांना ऐकू आलं, पलीकडच्या खिंडीतून पाणी कोसळल्याचा आवाज. धो धो. उन्हाळ्यात!

वाडीचा गावडा, म्हणजे मुखिया, होता धाकलू, सगळ्यांत तिखट कानाचा. तो सहा जणांना घेऊन निघाला. खिंडीपर्यंत गेले, तिथं आवाज असा घुमत होता की छाती भरावी. आवाजाच्या रोखानं गेले, करवंदीतून, कारवीतून, आणि एकदम कड्याच्या टोकावर. खाली कोरडी दरी. पाणी नाही, आवाज मात्र समोरच. पुढं होता धाकलूचा भाऊ म्हाळू. तो आवाजाकडं बघत बघत एक पाऊल जास्त गेला. सात गेले, सहा परत आले.

धाकलूनं वाडी गोळा केली. "चकवा हाय तो. त्या खिंडीत कुणी जायचं न्हाई. अमावास्येला वाडी उठवायची, म्हशी घेऊन घाट उतरायचा."

हौसा त्याच्या तोंडाकडं बघत होती. बोलणं तिला ओठांवर वाचता यायचं. घाट उतरायचा एवढं तिला कळलं, आणि मोरी तर गाभण होती, आज व्याली का उद्या अशी. तो घाट मोरीच्यानं उतरवणार नव्हता. ती मोठ्यानं म्हणाली, कारण हौसा सगळंच मोठ्यानं म्हणायची, "मी पाणी बघून येते!"

एक म्हातारी बोलली, "हिला हाक मारायची तर डोंगर हलवाया लागतो, ही जातीया आवाज शोधाया!"

हौसानं तेही वाचलं. "आवाज तुम्ही शोधलात की," ती म्हणाली. "मला पाणी पायजे."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती निघाली. खिंडीत पोचली, वहाणा काढल्या आणि कातळावर उभी राहिली. जिथं सात तिखट कानांची माणसं भांबावली, तिथं हिला काहीच नव्हतं. फक्त तळपायाखाली कातळ थरथरत होता, रवंथ करणाऱ्या मोरीच्या कुशीसारखा. हौसा हसली. उजवीकडं गेली, थरथर कमी झाली. माणसं आवाजामागं गेली होती त्या कड्याच्या रोखानं गेली, थरथर मेली. मग तिनं आवाजाकडं पाठ केली आणि डावीकडच्या दगडी नाळेत, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत, उतरली. थरथर वाढत गेली. टाचेत, गुडघ्यात, दातांत. एका वळणावर दगड गार लागला, पुढच्या वळणावर ओला. आणि नाळ संपली तिथं डोंगर उभा फाटला होता आणि सात माणसं उंच धार खाली पडत होती, उन्हाळ्यातली धार, पांढरीशुभ्र. तिचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून माघारी फिरत होता, आणि माणसं त्या माघारी फिरलेल्या आवाजामागं जात होती.

हौसा ओली चिंब होऊन वाडीत आली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं आणि म्हशी दावी ताणत होत्या.

धाकलू उठला. खिंडीपर्यंत सगळी वाडी तिच्या मागं आली, पण तिथं आवाज कानात शिरला आणि धाकलूचे पाय आपोआप कड्याकडं वळले. हौसानं त्याची बंडी धरली. "तात्या, तुमचे कान लई गुणाचे हायत. जरा निजवा त्यांना." असं म्हणून तिनं त्याच्याच घोंगडीच्या कोपऱ्यातली लोकर ओढली, दोन बोळे केले आणि गावड्याच्या कानात कोंबले. मग तिनं त्याच्या वहाणांकडं बोट दाखवलं. धाकलूनं वहाणा काढल्या आणि कातळावर उभा राहिला. हळूहळू त्याचं तोंड बदललं. "हौसे," तो ओरडला, आता तोही मोठ्यानंच बोलत होता, "पायाला ऐकू येतंय गं!"

वाडी उठली नाही. मोरी त्या धारेखालीच व्याली, आणि असं म्हणतात की पारडू उभं राहिलं ते पाण्याच्या तालावर डुलतच.

हौसा खूप जगली. शेवटी एका चैत्रात ती एकटीच नाळेत उतरली आणि परत आली नाही. कातळावर तिची घोंगडी सापडली, वर्षानुवर्षं लोकांना बोळे देऊन देऊन कोपरे झिजलेली तीच. पण असं म्हणतात की त्या दिवशी ती घोंगडी पुन्हा चारी कोपऱ्यांनी भरलेली होती, जणू आत्ताच मागावरून उतरलीय.

आजही करंजपाण्यात नवी घोंगडी कोपऱ्याची लोकर ओढल्याशिवाय कुणी पांघरत नाही. आणि चैत्रात सगळी माणसं म्हशी घेऊन धारेवर जातात. खिंडीत वहाणा काढतात, कानात बोळे घालतात. सगळ्यांत पुढं असते वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. ती मागं वळते, कानावर हात ठेवते आणि ओठांनीच विचारते, ऐकू येतंय का?

सगळी वाडी माना हलवते. नाही.

मग ती आवाजाकडं पाठ करते आणि चालू लागते.