याकमावशीची रीत

फार पूर्वी बर्फाच्या डोंगराखाली याकमावशीचं दुकान होतं. पायांना फळी बांधून उतारावरून घसरायची हौस असलेले प्राणी तिथे सामान घ्यायला येत. पण मावशीची रीत न्यारी! गिऱ्हाईक आलं की ती म्हणे, “आधी अंगणातल्या बर्फात पडून दाखव.”

ससा पडला तो धपकन ढुंगणावर. मावशीने बर्फातला खड्डा निरखला आणि त्याला आखूड फळी, घट्ट बसणारे बूट नि मागे कापूस भरलेली विजार दिली.

कोल्हा टक लावून बघत होता. “मावशी, पडण्यावरून काय गं कळतं?”

“पड, म्हणजे सांगते.”

“छे! मी घसरायला आलोय, पडायला नाही.” त्याने सगळ्यांत लांब, लालभडक फळी उचलली, झुळझुळीत सुती कोट चढवला आणि तो निघाला.

संध्याकाळी ससा उड्या मारत परतला. मागून कोल्हा लंगडत आला. ओला कोट अंगाला चिकटला होता, थंडीने दात वाजत होते.

“मावशी, माझ्याजोगतं काही आहे का गं?”

मावशीने कोटाची फाटलेली कोपरं निरखली.

“आहे की. तू कोपरांवर पडतोस, एवढंच मला सकाळी बघायचं होतं.”