भागीच्या पायांवरचे ओझे

त्या राज्यात जमीन नव्हती. झाडे होती, खाली वाहते पाणी होते, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायचे तर मुंग्यांनी एकमेकींचे पाय धरून साखळी करायची, एवढीच वाट होती. साखळीचा कायदा लेकरालाही पाठ असे: आपली पकड आपणच सोडायची, आणि कुणी आपले पाय धरलेत तोवर आपला आधार सोडायचा नाही.

सारे राज्य नव्या झाडावर निघाले होते. साखळीच्या टोकाला, सगळ्यांत वर, भागी नावाची मुंगी नव्या झाडाच्या देठाला मिठी मारून लटकली होती. जुन्या झाडाकडची पकड सुटली होती आणि साखळी खालून उकलत एकेक करून वर चढत होती.

कोण कुठे लटकले आहे याची यादी दप्तरात असे. भागीचे काम संपले असे धरून तिच्या नावावर काट मारली गेली. त्यामुळे नवे कुणी तिचा पाय धरायला येणार नव्हते, हे खरेच. पण ज्यांनी आधीच धरला होता त्यांचे काय? ज्याचे जळते त्याला कळते, यादीला कुठून कळणार! मागे एकदा अशीच काट मारून देठ सोडायचा हुकूम निघाला, आणि एकीने देठ सोडला होता. यादी चोख राहिली, आणि चाळीस दाया अंड्यांसकट बुडाल्या. त्यांत भागीची धाकटी बहीण होती.

हुकमाचे पान घेऊन दप्तरदार मुंगळा साखळीवरून चढत आला. रुबाब असा, की झाडांना पालवी याच्याच सहीने फुटते. त्याने हुकूम वाचला आणि देठ सोडायला फर्मावले. भागीने मागचे पाय हलवून पाहिले. दोन पकडी होत्या. तिने तसे सांगितले, तर तो म्हणाला, जी दप्तरातच नाही तिला धरणार कोण?

भागीला रागही आला, हसूही आले. "दप्तरात नसेन मी. पण पायांना ओझं लागतंय."

तो शिक्षेची भाषा करू लागला. तेवढ्यात एक दाई अंडे सावरत वर सरकली, पानावर पोचली आणि मग तिने भागीचा पाय सोडला. भागीने पुन्हा पाय हलवले. आता एकच पकड उरली होती.

"आता तरी सोड," दप्तरदार ओरडला.

"सोडते की," भागी शांतपणे म्हणाली. "आधी तुम्ही सोडा."

मुंगळ्याने खाली पाहिले. साखळी संपली होती, नुसते पाणी होते. हुकमाचे पान त्याच्याकडून निसटून वाहत चालले होते, आणि त्याचे सहाही पाय भागीच्या पायाला गच्च बिलगले होते.