ओढ्यापलीकडून आलेला एडका

फार मागची गोष्ट. माळरानावर डोंगऱ्या नावाचा धिप्पाड एडका कळपाचा म्होरक्या होता. त्याच्या एकाच धडकेत समोरचा आडवा व्हायचा. हरलेल्याने ओढ्यापलीकडे, लांडग्यांच्या रानात निघून जायचं, असा रिवाज होता. तिकडून कुणी परतलं नव्हतं.

एका सकाळी दाट धुक्यातून खुरट्या आला. गेल्या वर्षी हरून गेलेला किडमिडीत एडका. एक कान तुटलेला, अंगाला लांडग्यांचा वास. कळप मागे सरला.

"तू जिवंत आहेस?" डोंगऱ्याने विचारलं.

"धडक दे," खुरट्या एवढंच म्हणाला.

डोंगऱ्याने धडक दिली. खुरट्या धुक्यात दिसेनासा झाला आणि लगेच पुन्हा समोर उभा राहिला. दुसरी धडक झाली, तिसरी झाली. दर वेळी तो पडायचा आणि परत यायचा. डोंगऱ्याला आता स्वतःचीच धाप ऐकू येऊ लागली. इतका वेळ लढायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती. दोन पावलं मागे सरून त्याने विचारलं,

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. वर्षभर तिच्यासोबतच राहिलोय."

मग खुरट्याने पहिल्यांदाच धडक दिली. फार जोराची नव्हती. तरी डोंगऱ्या गुडघ्यांवर आला आणि कुशीवर कलंडला.

"ऊठ," खुरट्या म्हणाला. "मी तुला तिकडे धाडणार नाही."

डोंगऱ्याने पाय झाडले, पुन्हा झाडले. कोकरूपण सरल्यापासून तो कधी पडलाच नव्हता. उठायचं कसं, ते तो विसरून गेला होता.