बाराव्याचे पाय

“…मग कोर्टात खरं बोललो हे पाप झालं का, फादर?”

इनास तुस्कानोने विचारलं. चर्चमागच्या बावखलाच्या, म्हणजे गावच्या गोड्या तळ्याच्या काठावर बसून फादर सांतान चिंच लावून पितळी परात घासत राहिले.

पवित्र गुरुवारची दुपार होती. येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले म्हणून फादर आज संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गावातल्या बारा जणांना खुर्च्यांवर बसवून याच परातीत त्यांचे पाय धुणार होते. यंदा बाराव्या खुर्चीचा मान इनासचा. हे तळं त्यानेच वाचवलं होतं. बिल्डरचा भराव तळ्यात टाकू देणारा इनासचाच सख्खा थोरला भाऊ, बावतीस. इनासने भर कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून भावाचं दार बंद.

“पाप नाही,” फादर अखेर म्हणाले. “पाय दाखव.”

“आत्ता?”

“दाखव रे. साक्ष द्यायला नाही बोलावत.”

इनासने चप्पल काढून उजवा पाय पुढे केला. साबणाने घासलेला, नखं कापलेली, टाच लख्ख.

“घरून धुऊन आलास?”

“मग! अख्ख्या गावासमोर मळका पाय पुढे करू?”

फादर खो खो हसले. “सगळे धुऊनच येतात. आयुष्यभर मी धुतलेलेच पाय धुतोय.”

इनास हसला नाही. पलीकडच्या काठावर बावतीस केळीला पाणी सोडत होता. गुडघ्यापर्यंत चिखल. पाठीला किती बाक आलाय त्याच्या…

“ईस्टरला आई आम्हा दोघांना एका ताटात वाढायची,” इनास म्हणाला. “दादा मटणाचे तुकडे गुपचूप माझ्याकडे सरकवायचा. आता सणाला घास उतरत नाही, फादर.”

“मग जा की.”

“मी का जाऊ? चूक त्याची!”

“त्याचीच.”

“कोर्टानंसुद्धा तेच सांगितलं!”

“सांगितलं.”

“मग त्यानं यायला हवं!”

“हवं.”

इनासने पाय परत चपलेत सरकवला.

…

पलीकडे बावतीसने खोरं टेकवलं, कपाळ पुसलं. क्षणभर इकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

फादरनी परात विसळली, पाणी निथळू दिलं आणि इनासच्या हातात दिली.

“आज त्या खुर्चीवर तू बसू नकोस. बाराव्याचे पाय तिकडे आहेत.”

 परात घेऊन इनास पायऱ्या उतरला आणि पाण्यापाशी वाकला. 

“इथूनच भरून नेऊ, फादर?”

“रिकामीच ने. पाणी त्याच्याकडे माग.”