झिलू तांडेलाचे वल्हे

पाहुण्यांनो, चपला खालीच काढा. या चौथऱ्यावर उभे केलेले ते जुने वल्हे आणि त्याला बांधलेला काथ्याचा दोर, एवढेच आमचे दैवत. शेंदूर नाही, मूर्ती नाही. शहरातले लोक विचारतात, देव कुठला? देव नव्हे हो, आमचा माणूस. झिलू तांडेल, आमच्या खारवेळ गावच्या मोठ्या होडीचा म्होरक्या.

त्या काळी, असे सांगतात, खाडीत दिवड, म्हणजे पाणसाप, फार. जाळ्यात यायचे, कडकडून चावायचे, रक्त काढायचे. पण दिवडाला विष नाही. माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा होडीत. त्यामुळे सापाला घाबरणे आमच्या लोकांना कमीपणाचे वाटे, आणि तिथेच चुकले. एका वर्षी दोन धडधाकट गडी जाळे ओढून घरी आले आणि दिवस मावळायच्या आत गेले. अंगावर जखम म्हणावी अशी नाही. लोक म्हणाले, खाडी कोपली. गाव सोडून डोंगरापलीकडे जायचे ठरले, भांडीकुंडी बांधली गेली.

वाटेच्या शिदोरीसाठी झिलूने शेवटचे जाळे टाकले. ओढताना मनगटाला मुंगी चावल्यासारखे झाले म्हणे. बघतो तर साप. दुसऱ्या कोणी दिवड समजून भिरकावला असता. झिलूने तो वल्ह्याने मारला आणि नीट न्याहाळला. शेपूट दिवडासारखे गोल, निमुळते नव्हते. वल्ह्याच्या पात्यासारखे चपटे होते. हा भरतीबरोबर दर्यातून आलेला. दोन मरणांचा उलगडा त्याला तिथेच झाला, आणि तिसरे कोणाचे तेही कळले.

मेलेला साप घेऊन तो किनाऱ्याला लागला, तसे लोक रागाने साप ठेचायला धावले. झिलू ओरडला, "ठेचू नकात! सगळ्यांका शेपटी बघूक देया. खाडी कोपली नाय, हो चपट्या शेपटेचो साप मारता!"

तेव्हा औषध कुठले? तो इथेच बसला. जाळ्यातला एक दिवडही मागवला, आणि एकेकाला जवळ बोलावून दोन्ही शेपट्या दाखवू लागला. आंधळ्या म्हातारीला त्याने बोटांनी ओळखायला लावले. झिलूचा जबडा आवळत होता, पापण्या मिटत होत्या. त्याच्या बायकोने, आवडाने, त्या आपल्या बोटांनी उघड्या धरल्या, कारण त्याला शेवटचा माणूस येईपर्यंत बघायचे होते. शेवटी त्याने कसेबसे विचारले, "सगळ्यांनी बघल्यानी?"

"बघल्यानी," एकटी आवडा म्हणाली. बाकी कोणाला आवाज फुटला नाही.

भांडीकुंडी सुटली. गाव हलले नाही.

आजही नारळी पौर्णिमेला, पहिल्यांदा होडीत बसणाऱ्याला डोळे मिटून इथे आणतात. हाताला दोर लागला तर तो दिवड, त्याला आमच्यात कोणी मारत नाही. वल्ह्याचे पाते लागले की हात झटकन मागे. आणि मुंगीएवढे टोचले तरी, दुखत नाही म्हणून घरी बसायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. मग गावातला सर्वांत म्हातारा विचारतो, "सगळ्यांनी बघल्यानी?" आणि त्या दिवशी ज्यांना आवाज फुटला नव्हता, त्यांची पतवंडे पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी ओरडतात, "बघलां!"